आठ पोर्ट, आठ घड्याळे: दोन कार्डांमधली वेळ नेमकी कुठे निसटते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तपासणी यंत्राच्या औद्योगिक संगणकात इंटेल आय३५० चिपची, चार पोर्टांची दोन कार्डे आहेत. पहिल्या पोर्टवर जीपीएसवरून चालणारा ग्रँडमास्टर, म्हणजे सगळ्यांना वेळ देणारे मुख्य घड्याळ, आहे आणि उरलेल्या सात पोर्टांवर एकेक कॅमेरा. पीटीपी या, नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीसाठी लिनक्सपीटीपी हा प्रोग्रॅमसंच बसवला आहे, त्यातल्या पीटीपी४एल या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये ऑफसेट, म्हणजे घड्याळांमधला फरक, ५० नॅनोसेकंदांच्या आत आहे आणि सगळे कॅमेरे आपण मिळालेल्या वेळेशी जुळलो, म्हणजे लॉक झालो, असे सांगतात. तरीही पट्ट्यावरून जाणाऱ्या एकाच वस्तूचे फोटो वेळेवरून जुळवायला गेले की जुळत नाहीत. फरक तासागणिक वाढतो. दुसऱ्या कार्डावरचे कॅमेरे तर कधीकधी सरळ ३७ सेकंद मागे असतात. कार्डे बदलायची का, असे तुम्ही विचारले आहे.

कार्डे बदलू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांत किमान दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही सेटिंगमधली आहेत. मात्र ती दुरुस्त केल्यावर लॉगमध्ये छान आकडे दिसू लागले म्हणून थांबू नका. पीटीपी४एलचा ऑफसेट फक्त एका घड्याळाबद्दल बोलतो, आणि तुमच्या पेटीत आठ घड्याळे आहेत.

आधी हे आठ कुठून आले ते पाहू. वेळ नोंदवणाऱ्या प्रत्येक नेटवर्क पोर्टमागे कार्डावरच एक हार्डवेअर घड्याळ असते. लिनक्स त्याला पीएचसी म्हणते. आय३५० मध्ये प्रत्येक पोर्टला स्वतःचे पीएचसी आहे. एकाच कार्डावरचे शेजारी-शेजारचे दोन पोर्टसुद्धा घड्याळाच्या बाबतीत परके आहेत. इंटेलच्या ई८१० मालिकेत उलट आहे, तिथे एका कार्डावरचे सगळे पोर्ट एकच घड्याळ वापरतात. त्यामुळे ‘कार्ड कोणते’ हा पहिला प्रश्न नव्हे. घड्याळे किती आहेत आणि कोणता पोर्ट कोणाच्या घड्याळावर चालतो, हे आधी ठरवायचे. प्रत्येक इंटरफेसवर ईथटूल हे कार्डाची माहिती देणारे साधन कॅपिटल टी पर्यायासह चालवा. पाठवताना, घेताना आणि कच्चे घड्याळ अशा तिन्ही ठिकाणी ‘हार्डवेअर’ दिसले पाहिजे. त्याच्या खाली पीएचसीचा क्रमांक दिसेल. आठही क्रमांक कागदावर लिहून घ्या, पण सेटिंगमध्ये क्रमांक घालू नका, इंटरफेसचे नाव घाला. संगणक पुन्हा सुरू झाला की हे क्रमांक बदलू शकतात आणि मग तुम्ही भलत्याच पोर्टचे घड्याळ लावत बसाल.

आता तासागणिक वाढणाऱ्या फरकाकडे. अंदाज असा की पीटीपी४एलला आठही पोर्ट दिल्यावर ते सुरूच झाले नाही, ‘पीएचसी डिव्हाइस मिसमॅच’ म्हणून थांबले, आणि शोधाशोध केल्यावर बाउंडरी क्लॉक जेबीओडी हा पर्याय १ केल्याने प्रश्न सुटला असे वाटले. या अक्षरांचा अर्थच ‘नुसती उपकरणांची मोळी’ असा आहे. हा पर्याय घड्याळे जुळवत नाही. सगळे पोर्ट एकाच घड्याळावर आहेत का, ही पीटीपी४एलची तपासणी तेवढी बंद करतो. घड्याळे जुळवण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घेतली आहे, असे तो गृहीत धरतो.

ती जबाबदारी कुणी घेतली नसेल तर काय होते ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. पीटीपी४एल फक्त स्लेव्ह असलेल्या पोर्टचे, म्हणजे ग्रँडमास्टरकडे तोंड असलेल्या पोर्टचे घड्याळ लावतो. बाकीचे सात पोर्ट मास्टर होतात आणि आपापल्या स्फटिकाच्या लहरीने चालणारी वेळ कॅमेऱ्यांना वाटू लागतात. पण त्याच पोर्टांवरून जाणाऱ्या अनाउन्स संदेशात, म्हणजे वेळ कुणाची आणि कोणत्या दर्जाची हे सांगणाऱ्या संदेशात, ओळख ग्रँडमास्टरची असते आणि दर्जाही त्याचाच, जीपीएसला बांधलेल्या घड्याळाचा क्लॉक क्लास ६. कॅमेऱ्याला शंका यायला काही कारणच उरत नाही. तो मिळालेल्या वेळेला इमानाने लॉक होतो आणि तसे सांगतो. चुकीच्या वेळेला उत्तम लॉक झालेला कॅमेरा आणि बरोबर वेळेला लॉक झालेला कॅमेरा बाहेरून अगदी सारखे दिसतात.

हा फरक केवढा असतो? दोन स्फटिकांत दहा लाखांत १० भागांचा फरक असणे अगदी साधी गोष्ट आहे. त्याचे दर सेकंदाला १० मायक्रोसेकंद होतात, तासाला ३६ मिलिसेकंद. पट्टा सेकंदाला २ मीटर सरकत असेल तर तासाभराने दोन कॅमेऱ्यांच्या हिशेबात तीच वस्तू ७२ मिलिमीटर इकडे-तिकडे झालेली असते. तुम्ही सांगितलेली वाढ याच जातीची आहे.

उपाय म्हणजे पीएचसी२सिस हा लिनक्सपीटीपीतलाच घड्याळे एकमेकांशी जुळवणारा प्रोग्रॅम, तोही स्वयंचलित पद्धतीत, स्मॉल ए पर्यायासह. या पद्धतीत तो पीटीपी४एलला त्याच्या स्थानिक सॉकेटवरून विचारतो की सध्या स्लेव्ह पोर्ट कोणता, त्या पोर्टचे घड्याळ उगम मानतो आणि उरलेली घड्याळे त्याच्याशी जुळवत राहतो. संगणकाचे घड्याळही जुळवायचे असेल तर सोबत एक आर द्या. दोन आर दिल्यास ग्रँडमास्टर नसताना संगणकाचे घड्याळच उगम बनते. तुमच्याकडे ग्रँडमास्टर आहे, त्यामुळे एकच आर द्या. नाहीतर ग्रँडमास्टरची केबल निघाल्यावर यंत्र गुपचूप दुसऱ्याच वेळेवर जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

पीएचसी२सिस चालू असूनही काम करत नसेल तर कारणे मोजकी असतात. त्याच्या लॉगमध्ये तो पीटीपी४एलची वाट पाहतो आहे असे सतत येत असेल, तर दोघांचा संवादच होत नाही. दोन्हीकडचा डोमेन क्रमांक, म्हणजे पीटीपीच्या गटाचा क्रमांक, एकच आहे का ते पाहा. पीटीपी४एल जीपीटीपी या पीटीपीच्या एका प्रकाराच्या तयार सेटिंग फाइलवर चालत असेल तर त्यात ट्रान्सपोर्ट स्पेसिफिक हे मूल्य १ असते. तेच पीएचसी२सिसलाही सांगावे लागते, नाहीतर त्याची विचारणा पीटीपी४एल चक्क टाकून देतो. दोघांपैकी एक कंटेनरमध्ये आणि दुसरा बाहेर असेल तर सॉकेटची फाइल दोघांना दिसते का तेही पाहा. ‘नथिंग टू सिंक्रोनाइज’ असे आले तर संवाद ठीक आहे, पण उगम ठरलेला नाही. बहुधा कुठलाच पोर्ट स्लेव्ह झालेला नसतो. मग पीएमसीने, म्हणजे पीटीपी४एलची अवस्था विचारणाऱ्या साधनाने, पोर्ट डेटा सेट मागवा आणि पहिल्या पोर्टची अवस्था पाहा. ती लिसनिंगवरच अडकली असेल तर ग्रँडमास्टरचे अनाउन्स पोहोचत नाहीत. अनकॅलिब्रेटेडवर अडकली असेल तर अनाउन्स येतात, पण पुढची देवाणघेवाण अडते. त्यामागे पुष्कळदा एकीकडे एंड-टू-एंड आणि दुसरीकडे पीअर-टू-पीअर असा डिले, म्हणजे वाटेतला विलंब, मोजण्याच्या पद्धतीतला गोंधळ असतो, किंवा फायरवॉल यूडीपीचे ३१९ आणि ३२० यांपैकी एकच पोर्ट सोडत असते.

आता ते ३७ सेकंद. हा आकडा दिसला की हार्डवेअरकडे बघायचेच नाही. पीटीपीची वेळ टीएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुवेळेत चालते आणि संगणकाचे घड्याळ यूटीसीत, म्हणजे रोजच्या व्यवहारातल्या जागतिक वेळेत. १ जानेवारी २०१७ पासून या दोन्हींत ३७ सेकंदांचे अंतर आहे, यूटीसी मागे. तुमच्या दुसऱ्या कार्डाला कुणीतरी यूटीसी पाजते आहे. आधी कधीतरी दुसऱ्या कार्डासाठी संगणकाच्या घड्याळाला उगम धरून पीएचसी२सिसची वेगळी सेवा लिहिलेली असणार, आणि तिच्यात कॅपिटल ओ पर्यायाला शून्य दिले असणार किंवा तो पर्यायच नसणार. ती सेवा अजून सुरू असेल तर ‘कधीकधी’ हा शब्दही उलगडतो. दोन सेवा एकाच घड्याळाला वेगवेगळी वेळ लावू पाहतात, त्यामुळे कधी एकीचे चालते, कधी दुसरीचे.

ती सेवा काढून टाका. काही कारणाने हाताने उगम द्यायचाच असेल तर दिशा लक्षात ठेवा: संगणकाच्या घड्याळावरून पीएचसी लावताना अधिक ३७, पीएचसीवरून संगणकाचे घड्याळ लावताना उणे ३७, आणि पीएचसीवरून पीएचसीला शून्य. स्वयंचलित पद्धतीत हा हिशेब तो पीटीपी४एलकडून घेतो, पण पीटीपी४एलला तो ग्रँडमास्टरकडून मिळतो. म्हणून पीएमसीने टाइम प्रॉपर्टीज डेटा सेट एकदा तरी पाहा. यूटीसी ऑफसेट ३७ आहे का, तो वैध असल्याची खूण १ आहे का आणि पीटीपी टाइमस्केल १ आहे का, एवढे पुरे. पीएचसी_सीटीएल या छोट्या साधनाला सीएमपी असे सांगितले की ते एका पोर्टचे घड्याळ संगणकाच्या घड्याळाशी ताडून फरक छापते. आठही पोर्टांवर ते चालवा. सगळीकडे ३७ सेकंदांच्या आसपासचा एकच आकडा यायला हवा. एखाद्या पोर्टवर शून्याच्या जवळ आला तर तोच पोर्ट यूटीसीवर आहे.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट पाहा: एका घड्याळावर दोन हात. क्रोनी किंवा सिस्टिमडीची टाइमसिंकडी अशी संगणकाची वेळ लावणारी दुसरी सेवा चालू असेल आणि पीएचसी२सिसही संगणकाचे घड्याळ लावत असेल, तर दोघे एकमेकांचे काम उलटवत राहतात. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो. एकालाच ठेवा. इथे पीएचसी२सिस ठेवा आणि बाकीच्या सेवा नुसत्या थांबवू नका, पुन्हा उठणार नाहीत अशा बंद करा. कुठल्याशा पॅकेजच्या अद्ययावतीकरणात टाइमसिंकडी परत जिवंत झालेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे.

आणखी एक बारीक खोच. पीएचसी२सिस सुरू झाल्यावर पहिल्याच वेळी फरक मोठा असेल तर उडी मारून घड्याळ लावतो. त्यानंतर, मूळ सेटिंगनुसार, तो कधीच उडी मारत नाही, घड्याळाचा वेग कमी-जास्त करून अंतर भरत बसतो. नंतर कधी ग्रँडमास्टरची वेळ मोठ्या फरकाने बदलली, तर कॅमेऱ्यांना बराच वेळ विचित्र वेगाने धावणारी वेळ मिळते आणि ती चूक कुठेच ठळक दिसत नाही. कॅपिटल एस पर्यायाने उडीची मर्यादा द्या, तुमच्या कामाला १ मिलिसेकंद ठीक राहील. उडी लॉगमध्ये आणि फोटोंच्या वेळांत लगेच दिसते. रांगत भरले जाणारे अंतर दिसत नाही, म्हणून मला इथे उडीच बरी वाटते.

इथवर केले की फरक वाढणे थांबेल. पीएचसी२सिसचा लॉग प्रत्येक पोर्टला वीस-तीस नॅनोसेकंदांचा ऑफसेट दाखवू लागेल. पण तो आकडा दोन घड्याळांमधला खरा फरक नाही, मोजणाऱ्याला दिसणारा फरक आहे.

दोन कार्डांवरची घड्याळे एकाच क्षणी वाचता येत नाहीत. प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेसवरून एक घड्याळ वाचतो, मग दुसरे, मग पुन्हा पहिले, आणि मधला क्षण बरोबर मध्यावर होता असे धरून फरक काढतो. एका वाचनाला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ लागतो. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला तर हिशेब बरोबर. कमी-जास्त लागला तर निम्मी चूक थेट ऑफसेटमध्ये शिरते आणि सर्वो, म्हणजे घड्याळ लावणारा भाग, ती प्रामाणिकपणे शून्यावर आणून ठेवतो. लॉगमधला ‘डिले’ स्तंभ म्हणून महत्त्वाचा: त्याच्या निम्म्याएवढी चूक लपलेली असू शकते, २००० नॅनोसेकंद असेल तर १ मायक्रोसेकंदापर्यंत. प्रत्यक्षात ती बहुधा बरीच कमी असते. पण किती कमी हे तो लॉग सांगू शकत नाही, कारण मोजणारा आणि लावणारा एकच आहे. प्रोसेसर दोन असतील आणि दुसरे कार्ड दुसऱ्या प्रोसेसरच्या खाचेत असेल तर ही चूक आणखी वाढते. दोन्ही कार्डे एकाच प्रोसेसरच्या खाचांत बसवा. ५.० किंवा त्यापुढचे कर्नल ठेवा. त्यात पीएचसी वाचताना आगेमागे संगणकाची वेळ अधिक घट्ट पकडणारी सोय आली आणि ड्रायव्हर ती देत असेल तर डिले लक्षणीय उतरतो.

मग खरा फरक मोजायचा कसा? लूपची चाचणी करून. दोन्ही कार्डांवरचा एकेक कॅमेरा तात्पुरता काढा आणि ते दोन पोर्ट लहानशा पॅच केबलने एकमेकांना थेट जोडा. मुख्य पीटीपी४एल आणि पीएचसी२सिस चालूच राहू द्या, म्हणजे त्या दोन घड्याळांची जुळवणीही चालू राहील. आता वेगळ्या डोमेनवर, समजा ५० वर, आणखी दोन पीटीपी४एल चालवा: एका पोर्टवर मास्टर, दुसऱ्यावर फक्त स्लेव्ह. दोघांनाही फ्री रनिंग १ द्या. म्हणजे ते फरक मोजतील, छापतील, पण घड्याळाला हात लावणार नाहीत. दोघांच्या स्थानिक सॉकेटचे पत्ते वेगळे ठेवायला विसरू नका. आणि वाहतूक यूडीपीवर नको, थेट इथरनेट फ्रेमवर ठेवा. यूडीपीवर ठेवलीत तर दुसऱ्या पोर्टवर आलेल्या पॅकेटचा उगम-पत्ता आपल्याच संगणकाचा आहे हे पाहून कर्नल ते टाकून देते आणि केबल खराब आहे असे वाटून तुमचा अर्धा दिवस जातो. आय३५० येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर वेळ उमटवू शकते, म्हणून एका पोर्टवर दोन पीटीपी४एल नांदतात. सगळ्याच चिपांवर हे जमत नाही.

या मोजणीत दोन्ही वेळा पोर्टच्या तोंडाशी, हार्डवेअरमध्येच उमटतात, पीसीआय एक्स्प्रेसचा संबंध येत नाही. केबल मीटरभराची असली तरी पाथ डिले काहीशे नॅनोसेकंद दिसेल, त्याने दचकू नका. केबल मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद घेते, बाकीचा वेळ दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या तारेवर बोलणाऱ्या चिपांचा असतो. दोन्ही कार्डे एकाच मॉडेलची आणि लिंक दोन्हीकडे एकाच वेगाची असल्याने तो दोन्ही दिशांना सारखा पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. वेगवेगळी कार्डे असती तर तसे झाले नसते, मग इनग्रेस आणि इग्रेस लेटन्सीचे, म्हणजे आत येताना आणि बाहेर जाताना लागणाऱ्या विलंबाचे, पर्याय भरावे लागले असते. दहा-पंधरा मिनिटे चालवून ऑफसेटची सरासरी काढा. ही सरासरी म्हणजे तुमच्या दोन कार्डांमधला खरा फरक. १ मायक्रोसेकंदात पट्टा २ मायक्रॉन सरकतो. त्यामुळे सरासरी काहीशे नॅनोसेकंद आली तरी तुमच्या तपासणीला चालेल, निश्चिंत राहा.

त्याहून घट्ट जुळणी हवी असेल तर सॉफ्टवेअरने वाचून लावण्याचा मार्ग सोडावा लागतो. एका कार्डाने दर सेकंदाला एक विद्युत ठोका बाहेर द्यायचा आणि दुसऱ्याने तो आपल्या घड्याळावर नोंदवायचा, ही खरी पद्धत. लिनक्सपीटीपीतले टीएस२पीएचसी हे साधन त्यासाठीच आहे. त्याला कार्डावर पिना बाहेर काढलेल्या लागतात. काही आय२१० कार्डांवर त्या मिळतात. एक अडचण आधीच सांगतो: आय२१० ठोक्याची चढती आणि उतरती अशा दोन्ही कडा नोंदवते. टीएस२पीएचसीला ध्रुवता ‘दोन्ही’ सांगून ठोक्याची रुंदी अचूक द्यावी लागते, तरच ते नको असलेली कड गाळते. त्याची मूळ धारणा अर्ध्या सेकंदाची आहे. तुमचा ठोका १०० मिलिसेकंदांचा असेल आणि हे बदलले नसेल तर घड्याळ चुकीच्या कडेवर बसू शकते. नवीन खरेदीच करायची झाली तर मात्र सगळे पोर्ट एकाच घड्याळावर असलेले कार्ड घ्या, म्हणजे जेबीओडी आणि हा सगळा खटाटोपच संपतो.

तुमच्या लॉगच्या तुकड्यात मधेच एकदा पाठवलेल्या पॅकेटचा वेळ-शिक्का वेळेत न मिळाल्याची ओळ आहे. ती सोडून देऊ नका. तशी ओळ आली की तो पोर्ट दोषावस्थेत जातो आणि मूळ सेटिंगनुसार १६ सेकंद तिथेच राहतो, तेवढा वेळ त्या कॅमेऱ्याला सिंक मिळत नाही. टीएक्स टाइमस्टॅम्प टाइमआउट जुन्या आवृत्त्यांत १ मिलिसेकंद होता, नव्यांत १० आहे. तुमची आवृत्ती जुनी असेल तर तो वाढवा. त्यानंतरही येत राहिली तर ईथटूल कॅपिटल एस पर्यायासह (स्मॉल एस नव्हे) चालवून आकडेवारी पाहा. तिच्यात टीएक्स हार्डवेअर टाइमस्टॅम्पचे ‘टाइमआउट’ आणि ‘स्किप्ड’ असे दोन मोजदाद-आकडे ही चिप देते. स्किप्ड वाढत असेल तर त्याच पोर्टवर दुसरा कुठला प्रोग्रॅम वेळ-शिक्के मागतो आहे. लूपची चाचणी संपल्यावर ते दोन जादा पीटीपी४एल बंद करा, हे त्यासाठीही.

शेवटचे, कॅमेरे वाढवायचे आहेत असे तुम्ही लिहिले आहे म्हणून. पोर्ट कमी पडतात तेव्हा मधे साधा स्विच टाकायचा मोह होतो. तो टाळा. कॅमेरा थेट पोर्टला जोडलेला असताना फोटोंची कितीही गर्दी असली तरी वेळ तारेवर निघताना उमटते, त्यामुळे रांगेचा त्रास होत नाही. मधे पीटीपी न समजणारा स्विच आला की कॅमेऱ्याचा डिले रिक्वेस्ट दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्राच्या पॅकेटामागे अडकतो. ९००० बाइटांच्या एका जंबो फ्रेमला गिगाबिट लिंकवर ७२ मायक्रोसेकंद लागतात. ही वाट फक्त एकाच दिशेला पाहावी लागते, म्हणून त्यातले ३६ मायक्रोसेकंद थेट कॅमेऱ्याच्या घड्याळात चूक म्हणून जातात, तेही फोटो घेण्याच्या ऐन वेळी. स्विच लागलाच तर बाउंडरी किंवा ट्रान्सपरंट क्लॉक असलेलाच, म्हणजे पीटीपी समजणाराच घ्या, आणि त्याच्या प्रत्येक पोर्टवर ती सोय चालू केली आहे ना, ते स्वतः पाहा.

आधी आठही पोर्टांचा पीएचसी_सीटीएलचा निकाल आणि चालू असलेल्या वेळेच्या सगळ्या सेवांची यादी पाठवा. जुनी सेवा काढल्यावर लूपच्या चाचणीची पंधरा मिनिटांची नोंद पाठवा. पुढचे तिच्यावरून ठरवू.